जळगावकडच्या छोट्या केळी टिश्यू कल्चर लॅबमध्ये (जिथे कोंबापासून बाटलीत रोपं वाढवतात) कोण काय काम करतं?

सगळा भार लॅमिनारवर (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या टेबलावर) बसणाऱ्या मुलींवर. ग्रँड नैन या केळीच्या जातीचे कोंब कापताना चिमटा-ब्लेड दरवेळी निर्जंतुक करायचं. हात चुकला की काही दिवसांत बाटलीत बुरशी. मीडिया (बाटलीतलं रोपांचं खाद्य) बनवणारा लिटरला 30 ग्रॅम साखर, सामू (pH) 5.8 आणि 121 अंश सेल्सिअसवर 15-20 मिनिटं ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणं) सांभाळतो. सामू फार घसरला तर मीडिया गोठवणारं अगर-अगर घट्टच होत नाही. सुपरवायझरनं सबकल्चर (कोंब कापून नव्या बाटलीत लावणं) आठ वेळांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, नाहीतर शेतात बुटकी, वेडीवाकडी झाडं वाढतात.

हार्डनिंग शेडमधल्या (जिथे बाटलीतली रोपं बाहेरच्या हवेला सरावतात) माणसाला कुणी विचारत नाही, पण खरी मर तिथेच होते. बाटलीतल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर नीट आलेला नसतो. मे महिन्यात वीज जाऊन धुक्यासारखं पाणी फवारणारा फॉगर बंद पडला, की रोपं माना टाकतात. जनरेटरचं डिझेल त्यानंच बघावं.