पत्र्याखालची दुपार आणि चंदेरी फोम

पाडवा झाला की कोल्हापुरात पत्र्याखाली दुपारी टेकायची सोय राहत नाही. त्यावर उपाय म्हणून अॅल्युमिनियम फॉइल लावलेला चंदेरी फोम सध्या जिथे तिथे दिसतो. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : वरच्या मजल्यावर १२ बाय १५ फुटांची खोली आहे. दोन इंची चौकोनी पाइपांवर रंगीत पत्रा टाकलाय. कारागीर म्हणतो, फोम सोल्यूशननं थेट पत्र्याला चिकटवू, काम एका दिवसात होईल. शेजारी म्हणतात, पाइपांच्या खालून मारून घ्या. कुणाचं ऐकावं? (उचगाव)

उत्तर : शेजाऱ्यांचं.

पत्रा खोली दोन तऱ्हांनी तापवतो, हवा तापवून आणि किरणं फेकून, पण गरम हवा वरच राहत असल्यामुळे त्यातली मोठी तऱ्हा किरणांची. डोक्यावर जी भगभग जाणवते ती हीच. पत्रा ६५ अंशांवर आणि खोली ३५ अंशांवर असेल, तर हिशेबाने दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट उष्णता खाली फेकली जाते. तुमच्या खोलीचं छत साधारण १७ चौरस मीटर आहे. म्हणजे ऐन दुपारी पाणी तापवायचे दीड हजार वॅटचे दोन रॉड छताला टांगून ठेवल्यासारखंच झालं.

स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइल अशा किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परतवते. शिवाय स्वतः तापली तरी पुढे फारच कमी किरण सोडते. मात्र दोन्ही गुण तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच कामाला येतात. पत्र्याला चिकटली की अॅल्युमिनियम हा नुसता धातू, आणि धातू उष्णता झपाट्याने पुढे नेतो. चिकटवलेल्या फोमची वरची फॉइल अशी वाया जाते. खालची फॉइल आणि मधला फोम तेवढे काम करतात. अगदीच उपयोग नाही असं नव्हे, पण पैसे दोन बाजूंचे जातात आणि काम एकाच बाजूचं मिळतं. त्यात पत्रा रोज तापून पसरतो, रात्री आकसतो, आणि सोल्यूशन उन्हाने मऊ पडतं. एखाद-दुसऱ्या उन्हाळ्यानंतर फोम कोपऱ्यापासून लोंबू लागतो.

पाइपाखालून मारलात तर पत्रा आणि फोम यांच्यात ५० मि.मी. पोकळी आपोआप मिळते. २५ मि.मी. असली तरी भागतं. काम असं करून घ्या :

आधी गळती. पत्र्यावरचे जे-हुक आणि स्क्रू यांचे रबरी वॉशर तपासून, चिरलेले बदला. फोम लागल्यावर गळती कुठे आहे ते दिसत नाही. पाणी फोमवर साठून पोट सुटतं आणि एक दिवस सगळं अंगावर येतं. वळवाच्या पहिल्या सरीत खोलीत उभं राहून पाहिलंत आणि मग फोम लावलात तर सगळ्यांत उत्तम. त्यासाठी उन्हाळ्याचे काही दिवस सोसावे लागतील, ते परवडतात.

मग वायरिंग. पाइपांना बांधलेल्या सुट्या वायरी पीव्हीसी पाइपात घालून फोमच्या खाली, भिंतीवर घ्या. काम चालू असताना मेन स्विच बंद ठेवा. याचं कारण पुढे एका प्रश्नात येईल.

फोमच्या पट्ट्या पाइपांना काटकोनात, म्हणजे उताराच्या दिशेने, लावा. १ इंच रुंद अॅल्युमिनियमची पट्टी खालून धरून सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने दर दीड फुटावर पाइपात पक्की करायची. स्क्रू ३५ मि.मी.चा पुरे, तो ५० मि.मी.च्या पाइपात वरच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. लांब स्क्रू मारून पत्र्यालाच भोकं पाडल्याची कामं कमी नाहीत. दोन पाइपांमध्ये फोम झोळ धरू नये म्हणून खालून दर दोन फुटांवर १४ गेजची जीआय तार ओढा. फोम मात्र ताणून लावू नका. तो कालांतराने थोडा आकसतो, आणि ताणलेला असला की जोडावर उघडतो.

जोडाला दोन इंच चढ द्या आणि वरून दोन इंची अॅल्युमिनियम टेप मारा. आधी फॉइल कोरड्या फडक्याने पुसून घ्या. खोके बंद करायची तपकिरी टेप चालणार नाही. गरमीने ती सुटते.

पोकळीची दोन्ही टोकं, खालची वळचण आणि वरचा माथा, बाहेरच्या बाजूने एक-दोन इंच उघडी ठेवून बारीक जाळी मारा. कोंडलेली गरम हवा माथ्यातून निघून जाते. जाळी विसरलात तर पोकळीत उंदरांचा संसार मांडला जाईल.

माल किती लागेल? १.२ मीटर रुंदीच्या रोलच्या ४ पट्ट्या दोन-दोन इंचांच्या चढाने लावल्या की १५ फूट झाकून दोन्ही कडांना दीड-दीड इंच उरतो. उताराची लांबी साडेबारा फूट धरली आणि भिंतीशी वळवायला अर्धा फूट ठेवला, तर एक पट्टी १३ फुटांची. चार पट्ट्यांचे ५२ फूट, म्हणजे १६ मीटर. क्षेत्रफळ २०७ चौरस फूट भरतं. खोलीचे १८० चौरस फूट मोजून माल आणणाऱ्याला दुकानात दुसरी फेरी पडते.

प्रश्न : दुकानात एक्सएलपीई, ईपीई आणि बबल असे तीन प्रकार दाखवले, दिसायला तिन्ही सारखेच चमकतात. दुकानदारानं पेटता हॅलोजन समोर धरून पलीकडं हात ठेवायला लावला, अजिबात गरम लागलं नाही. मग स्वस्तातला घ्यायला काय हरकत? (शाहूपुरी)

उत्तर : त्या प्रयोगात दिवा आणि फोम यांच्यात हवा असते, म्हणून स्वयंपाकघरातली जेवण गुंडाळायची फॉइल धरली असती तरी हात गार राहिला असता. त्यावरून फोमचा कस कळत नाही.

ईपीई म्हणजे साधा पॉलिथिन फोम. त्याचे फुगे मोठे, डोळ्यांना दिसणारे असतात. अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो. पत्र्याजवळच्या गरमीत तो बसत जातो. एक्सएलपीई म्हणजे क्रॉसलिंक केलेला पॉलिथिन फोम. त्याची जाळी बारीक, अंग गुळगुळीत. दाबून सोडलं की पूर्ववत होतो. बबलमध्ये कामाची फक्त फॉइल. पोकळी चांगली सोडता येत असेल आणि खिसा हलका असेल तर बबल चालतो, पण वर्षं गेली की फुगे बसतात. पत्र्याखाली राहायची खोली असेल तर १० मि.मी. एक्सएलपीई, दोन्ही बाजूंनी फॉइल. २० मि.मी. घेऊन पोकळी न सोडण्यापेक्षा १० मि.मी. घेऊन पोकळी सोडणं शहाणपणाचं.

चमक म्हणजे फॉइल असं समजू नका. काही मालावर चंदेरी प्लास्टिकचा पापुद्रा असतो. कोपरा सोलून घडी घाला आणि नखाने दाबा. अॅल्युमिनियम घडी धरून ठेवतं, प्लास्टिक उलगडतं.

एकाच बाजूला फॉइल असलेला माल घेतला तर चकाकी खाली, खोलीकडे ठेवा. वर ठेवलेल्या चकाकीवर धूळ बसते आणि दोन-तीन वर्षांत ती निकामी होते. ‘चकाकी नेहमी सूर्याकडे’ हा समज इतका पक्का आहे की कारागीर वाद घालेल. घालू द्या.

आणि कुणी लाल ठिपक्याच्या थर्मामीटर गनने फॉइलचं तापमान मोजून दाखवलं तर मान डोलावू नका. चकचकीत पृष्ठभागावर ती गन समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंबच मोजते. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या टेपवर मोजा.

प्रश्न : आमचा स्लॅब आहे. संध्याकाळी सातनंतर खोली जास्त तापते. गच्चीवर हा फोम अंथरला तर? (राजारामपुरी)

उत्तर : नको. उघड्यावर फोम उन्हाने कुजतो, फॉइलवर धूळ बसते, वळवाच्या वाऱ्यात तो शेजाऱ्याच्या अंगणात सापडतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि उशिरा खाली सोडतो, म्हणून संध्याकाळी त्रास होतो. ऊन वरच परतवायला हवं.

शेवाळ घासून काढा, भेगा भरा, गच्ची धुऊन वाळवा. मग पांढरा कूल रूफ रंग दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. डब्यावर एसआरआय हा आकडा बघा, रंग उन्हात किती गार राहतो ते तो सांगतो. १०० च्या जवळपास किंवा वर असावा. एवढा खर्च नको असेल तर रात्रभर भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून तसेच दोन हात द्या. चुना इथल्या पावसात टिकत नाही, तेव्हा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा.

फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर फोम हा सीलिंगच्या बोर्डांच्या वर, स्लॅबपासून सुटा ठेवा. नुसत्या फोमसाठी फॉल्स सीलिंग करण्यात मात्र अर्थ नाही.

प्रश्न : मंगळवार पेठेत जुनं कौलारू घर आहे. माळ्यावर झोपतो. कौलांखाली फोम लावला तर लाकूड कुजेल का? (मंगळवार पेठ)

उत्तर : चुकीचा लावला तर कुजेल. कौलं श्वास घेतात. पावसात भिजतात आणि फटींतून आलेल्या हवेने वाळतात. फोममधून हवा किंवा वाफ जात नाही. तो कौलांना किंवा रिपांना भिडवलात तर ओल अडकते. वाशांच्या खालच्या अंगाला, लाकडी पट्टीने मारा. भिंतीपाशी आणि आढ्यापाशी दोन-दोन इंच फट सोडा. वाशांच्या उंचीएवढी पोकळी फुकट मिळते, त्यामुळे पत्र्यापेक्षा कौलारू घरात हे काम जास्त चांगलं बसतं. आधी फुटकी कौलं बदला आणि वाशांना वाळवी आहे का ते टोचून पाहा. खाली चूल किंवा बंब पेटत असेल तर त्याच्या वरचा भाग तसाच ठेवा.

प्रश्न : गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. दुपारी म्हशी धापा टाकतात, दूध कमी होतंय. फोम लावू का? (करवीर तालुका)

उत्तर : गोठ्यात फोम टिकत नाही. शेणामुताच्या वाफेतला अमोनिया फॉइल खातो, चिमण्या फोम टोचतात, आणि लोंबलेला तुकडा म्हैस चघळून गिळते. पोटात प्लास्टिक गेलं की डॉक्टरांचं बिल फोमपेक्षा जास्त होतं.

पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासू नका, ड्रिल करू नका. पाण्याने भिजवून मऊ झाडूने धुवा. थेट पत्र्यावर पाय देऊ नका, फळी टाकून तिच्यावरून चाला. उसाचा पाला पसरून दोरीने बांधला तरी छान सावली पडते. मात्र वाळका पाला ठिणगीने पेट घेतो, तेव्हा जवळ चूल नको, विजेची तार नको. बाजू मोकळ्या ठेवा आणि दुपारी म्हशींच्या अंगावर पाणी मारून पंखा लावा. पंख्याशिवाय नुसतं पाणी मारलं तर गोठ्यात दमटपणा वाढतो, म्हशींना आराम मिळत नाही.

प्रश्न : वर्कशॉपच्या पत्र्याला फोम लावायचाय. एका कोपऱ्यात वेल्डिंग चालतं. (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : त्या कोपऱ्यात नको. फॉइलमुळे माल न जळणारा वाटतो, पण आतला फोम पॉलिथिन आहे. पेटला की वितळून थेंब थेंब खाली पडतो आणि खालचंही पेटवतो. वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि थिनर ठेवायची जागा यांच्यावर रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) आणि खालून पत्रा लावा. बाकी छताला माथ्यावर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा) बसवलेत तर फरक जाणवेल, कारण तिथे यंत्रांचीही गरमी असते आणि फोम ती बाहेर काढू शकत नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी फोम लावला. आता फॉइलला हात लागला की मुंग्या येतात. (कसबा बावडा)

उत्तर : हे वाचल्यावर आधी मेन स्विच बंद करा. पट्टी मारताना स्क्रूने वायर भोसकली असेल किंवा वायरीचं आवरण घासलं गेलं असेल. फॉइल विजेची वाहक आहे आणि टेपने सगळ्या पट्ट्या जोडलेल्या, म्हणजे अख्खं छतच जिवंत झालंय. पावसात भिंत ओली झाली की मुंग्यांवर भागणार नाही. वायरमनकडून वायरिंग तपासून दोष काढल्याशिवाय मेन चालू करू नका, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

प्रश्न : फोम लावल्यावर मोबाइलची रेंज जाते का? (गांधीनगर)

उत्तर : पत्र्याने वरून ती आधीच अडवलेली असते, छताच्या फोमने फारसा फरक पडत नाही. भिंतींना आणि खिडक्यांनाही फॉइल लावलीत तर मात्र जाईल. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावा. काचेला आतून फॉइल लावली तर काच तापून तडकू शकते.