ब्रीदर पाइपमधून इनटेकमध्ये ऑइल येतंय, घरीच कॅच कॅन बनवून लावू का?

ब्रीदर पाइप इंजिनातले वायू इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत सोडतो आणि कॅच कॅन म्हणजे त्या वायूतलं ऑइल मध्येच अडवणारा डबा. आधी ऑइल येतंय कशामुळे ते शोधा. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पुसून लेव्हल बघा. 'मॅक्स'च्या वर असेल तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ऑइल घुसळतो आणि त्याचे थेंब वायूबरोबर पाइपात जातात. जास्तीचं काढलं की बहुतेकदा भागतं. मग इंजिन थंड असताना पीसीव्ही व्हॉल्व्ह (या वायूंचा प्रवाह आवरणारी झडप) काढून कानाशी हलवा. साध्या व्हॉल्व्हचा खुळखुळ आवाज यायला हवा. नाही आला तर नवीनच टाका, फार महाग नसतो.

बाटलीत तारेची घासणी कोंबून केलेला कॅच कॅनचा जुगाड मला अजिबात पटत नाही. प्लास्टिक उष्णतेने मऊ पडतं, फट राहिली तर बाहेरची हवा ओढली जाऊन आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) बिघडतं आणि घासणीचे तुकडे सुटून इनटेकमध्ये जाऊ शकतात. करायचाच असेल तर धातूचा हवाबंद डबा, ऑइल सोसणारा होज आणि घट्ट क्लिपा वापरा. वेळोवेळी रिकामाही करा. पाइपाला बूच मात्र कधीच मारू नका, आत दाब साठून ऑइल सील जातात.

एवढं करूनही ऑइल येत राहिलं तर पिस्टन रिंगा झिजल्या असतील, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी) करून घ्या.