वाचकांचे प्रश्न : पॅलिओ, उतरलेलं वजन आणि उरलेल्या शंका

या महिन्यात पॅलिओ डाएटबद्दलची पत्रं इतकी आली आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माणूस शेती करू लागला त्याला साधारण दहा-बारा हजार वर्षं झाली. त्याआधी शिकार करून आणि रानातून गोळा करून जे मिळत असे तेवढंच खायचं, असा हा आहार. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा, बिया चालतात. धान्यं, डाळी, दूध, साखर आणि पाकिटातून येणारं जवळजवळ सगळं बंद. कडक मंडळी मीठही बंद करतात. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोघांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात याविषयी लेख लिहिला, तेव्हापासून डॉक्टर मंडळी या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागली. घराघरांत तो पोहोचला मात्र २००२ नंतर, लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकामुळे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची. अडीच महिन्यांपूर्वी पॅलिओ सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले, आतापर्यंत एकूण सात. दुपारची झोप गेली, पोट हलकं वाटतं. पण गेले तीन आठवडे काटा जागचा हलत नाही. आता फळं आणि कंदही बंद करू का?

उत्तर : नाही. कंदांना हात लावू नका.

आधी त्या पहिल्या तीन किलोंचा हिशेब करू. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात चार-पाचशे ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही निघून जातं. त्यात पाकीटबंद खाणं सुटल्याने मीठ कमी होतं, म्हणजे आणखी पाणी. त्या आठवड्यात चरबी गेली असेल ती थोडीच. खरी कमाई आहे ती नंतरच्या चार किलोंची. आठवड्याला साधारण अर्धा किलो, आणि हा वेग मला आवडतो. याहून फारच भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूही झिजतात.

आता अडलेला काटा. पाळीच्या आगेमागे शरीरात पाणी साठतं आणि एक-दोन किलोंचा फरक सहज दिसतो. त्यामुळे तीन आठवड्यांवरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. कमरेला टेप लावा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा निकष मला वजनापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. काटा थांबलेला असताना घेर कमी होत असेल तर काहीही बदलू नका.

घेरही थांबला असेल तर सुकामेव्याच्या बरणीकडे बघा. शंभर ग्रॅम बदामांत ५८० च्या आसपास कॅलरी असतात. येता-जाता चार-चार तोंडात टाकले की एका जेवणाइतक्या कॅलरी नकळत पोटात जातात. मधाचंही तेच. ‘पॅलिओमध्ये चालतं’ या दोन शब्दांवर लोक खजूर-बदामाचे लाडू, मधातले केक, नारळाच्या पिठाची बिस्किटं असं काय काय खातात. शरीराला त्यातली साखर अश्मयुगातली आहे की कारखान्यातली, हे कळत नाही. आणि सात किलोंनी हलकं झालेलं शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं. सुरुवातीला जेवढ्या खाण्यावर वजन उतरत होतं, तेवढ्यावर आता ते नुसतं टिकेल.

कंद का नको काढायला? पापुआ न्यू गिनीत कितावा नावाचं बेट आहे. स्टाफान लिंडेबर्ग या स्वीडिश डॉक्टरांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. सुरण-रताळ्यांच्या जातीचे कंद, फळं, मासे, नारळ हे त्यांचं अन्न, आणि जवळजवळ ७० टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून. तरीही माणसं सडपातळ, हृदयविकार आणि पक्षाघात जवळपास नाहीतच. पॅलिओ म्हणजे पिष्ट बंद, ही समजूत नंतर चिकटली आहे.

मग तुमचं वजन उतरलं कशाने? माझ्या मते श्रेय ताटात आलेल्या मांसापेक्षा स्वयंपाकघरातून बाहेर गेलेल्या पाकिटांना द्यायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना संशोधन केंद्रात ठेवून एक प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं खाणं, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, स्निग्धांश, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या खाण्यावर ती माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. साध्या खाण्यावर तेवढीच घटली. त्या साध्या ताटांत धान्यंही होती, डाळीही होत्या.

पुढचं सांगते ते जरा कडू लागेल. स्वीडनमधल्या उमिओ इथे रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांवर दोन वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. निम्म्या जणी पॅलिओवर, निम्म्या तिथल्या नेहमीच्या सरकारी आहारसल्ल्यावर. सहा महिन्यांनी पॅलिओच्या गटात चरबी स्पष्टपणे जास्त घटली होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी मात्र पॅलिओच्या गटात शेवटपर्यंत कमी राहिली, आणि ही काही छोटी गोष्ट नाही. पण ठरवून दिलेलं प्रथिनांचं प्रमाण त्या बायकांना गाठता आलं नव्हतं, अभ्यासाचे नियम आणि आहारतज्ज्ञ पाठीशी असूनही. म्हणून तुम्हाला विचारते, दोन वर्षांनी यातलं काय चालू असेल? त्याची यादी आजच करा. साखर घातलेली पेयं नाहीत, प्रत्येक जेवणात मोठा वाटा भाज्यांचा, दर जेवणाला काहीतरी प्रथिन, पाकिटं क्वचित. एवढं राहणार असेल तर वाटीभर धान्य परत घेतल्याने काही बिघडणार नाही. आणि आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा व्यायाम करा. चाळिशीनंतर स्नायू टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही.

प्रश्न : मी ५७ वर्षांचा, १२ वर्षं मधुमेह. गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. मुलगा म्हणतो पॅलिओ करा, औषधं सुटतील. करू का?

उत्तर : मुलाचं म्हणणं अगदीच हवेत नाही. लिंडेबर्ग यांनी २००७ मध्ये हृदयविकार आणि वाढलेली साखर असलेल्या २९ पुरुषांवर १२ आठवड्यांचा अभ्यास केला. त्यात पॅलिओच्या गटाची साखर भूमध्यसागरी धर्तीच्या आहारापेक्षा जास्त सुधारली. २००९ मध्ये त्यांच्याच गटाने १३ मधुमेहींना आळीपाळीने तीन-तीन महिने दोन आहार दिले. तिथेही एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, पॅलिओवर जास्त खाली आला. अभ्यास लहान आहेत, पण दिशा एकच आहे.

धोका नेमका इथेच आहे. आहार लागू पडला आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर गरजेपेक्षा खाली जाते. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांमध्ये हे पहिल्या दोन-चार दिवसांतच होऊ शकतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, मग ताट बदला. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर पिष्ट फार कमी करणं घातक ठरू शकतं. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागणं ही त्याची लक्षणं. दिसली तर थेट दवाखाना. रक्त पातळ करायला वॉरफेरिन घेत असाल तर पालेभाज्या एकाएकी दुप्पट करू नका, त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं. बारा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय प्रथिनं वाढवण्याचा विषयच नको. क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, दोन्ही बघा.

आणि खिशात साखर ठेवा. पॅलिओमध्ये ती बसत नाही, माहीत आहे. हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला की १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, जिमला जातो. ट्रेनर म्हणतात, आपले पूर्वज धान्य खातच नव्हते, त्यामुळे आपलं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही. डाळींमध्ये लेक्टिन नावाचं विष असतं. हे खरं ना?

उत्तर : तुझ्या ट्रेनरना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो इथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत एक दगड सापडला. त्यावर रानटी धान्य दळल्याच्या खुणा, पिष्टाचे कण आहेत. शेती तेव्हा हजारो वर्षं दूर होती. जॉर्डनमध्ये सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या ब्रेडचे जळके तुकडे मिळाले. इतकंच काय, निअँडरथल माणसाच्या दातांवर साचलेल्या थरातही शिजवलेल्या पिष्टाचे कण आहेत. पूर्वज जे मिळेल ते खात. बर्फाळ प्रदेशातले लोक मांस खात, विषुववृत्ताजवळचे लोक कंद आणि मध. सगळ्या अश्मयुगाचा मिळून एक मेन्यू कधीच नव्हता.

शरीरही तिथेच थांबलेलं नाही. लाळेत पिष्ट पचवणारं विकर असतं, त्याच्या जनुकाच्या प्रती धान्य-कंद खाणाऱ्या समाजांत सरासरीने जास्त आढळतात. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता तर गेल्या दहा हजार वर्षांतच पसरली, आणि तीही सगळ्यांकडे नाही. दुधाने तुझं पोट फुगत असेल तर सोड, नसेल तर कशाला? शिवाय जिमनंतर खातोस तो ब्रोकोली घे. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली ही एकाच रानटी झाडापासून माणसाने शेतात घडवलेली वाणं आहेत. अश्मयुगात यातलं काहीच नव्हतं.

लेक्टिनची गोष्ट अर्धी खरी आहे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन खरोखर वाईट, मोजक्या दाण्यांनीही जोरदार उलट्या होतात. पण रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळत पूर्ण शिजवल्यावर ते निकामी होतं. मंद आचेवर तासन्‌तास कोमट ठेवणं मात्र चालत नाही. कच्चा राजमा वाटीत घेऊन तो खात बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

प्रश्न : मी शाकाहारी, अंडंही खात नाही. शाकाहारी पॅलिओचा तक्ता द्याल का?

उत्तर : देणार नाही. मांस, मासे, अंडी तुम्ही खात नाही. डाळी, दूध पॅलिओ खाऊ देत नाही. उरतात भाज्या, फळं, सुकामेवा, आणि एवढ्यावर पुरेशी प्रथिनं मिळवायची तर बदामांच्या कॅलरींनी वजन वाढेल. साखर, मैदा, तळलेलं आणि पाकीटबंद हे चार सोडा, डाळी आणि दही ठेवा. बी-१२ एकदा तपासून घ्या, ते तर डाळींतूनही मिळत नाही.

प्रश्न : चार महिन्यांत नऊ किलो घटले, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ वरून १७१ वर गेलं. पॅलिओवाले म्हणतात काळजी नको. दूधही बंद आहे, वय ५३.

उत्तर : काळजी करा. ताटात काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून अंदाजाने सांगते. बेकन, सॉसेज, चरबीचं मांस, लोणी, खोबरेल तेल यांपैकी दोन-तीन तरी रोज असतील. रानातल्या प्राण्याचं मांस फार कमी चरबीचं असतं, बेकन त्याच्या जवळपासही येत नाही. खारवलेल्या-धुरावलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. त्याऐवजी मासे, कातडी काढलेली कोंबडी, ऑलिव्ह तेल आणा आणि दीड-दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा. आकडा तसाच राहिला तर थायरॉइड बघा आणि डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला, टाळाटाळ करू नका.

त्रेपन्नाव्या वर्षी हाडांना रोज हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एक पेला दूध म्हणजे त्यातले तीनशे. ते बंद केलं तर काट्यांसकट खाता येणारे लहान मासे आणि तीळ रोज हवेत. पालक यात फारसा धरू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे शरीराला लागत नाही. मीठ वापरता ते आयोडीनयुक्तच असू द्या. उमिओच्या त्याच अभ्यासात पॅलिओवरच्या स्त्रियांचं आयोडीन घटलेलं आढळलं होतं.

प्रश्न : कॉफी चालते का?

उत्तर : अश्मयुगात नव्हती, पण पॅलिओवाले बहुतेक जण पितात. साखरेशिवाय प्या, आणि झोप लागत नसेल तर दुपारनंतर नको.