शाईचे पेन रोजच्या वापरात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाईचे पेन, शाई आणि हस्तलेखन यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी सात येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत त्यांचे काळे, जाडसर शाईचे पेन सापडले. त्यात ड्रॉपरने शाई भरत असत, एवढे आठवते. आतली शाई वाळून घट्ट झाली आहे. सोबत कागदात बांधलेल्या शाईच्या काही वड्याही आहेत. हे पेन पुन्हा लिहू लागेल काय, आणि त्या वड्या वापराव्यात काय? (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : पेन बहुधा लिहू लागेल. ड्रॉपरच्या पेनात रबरी फुगा किंवा पंप नसतो, नळकांडे हीच शाईची टाकी असते. फुग्याच्या जुन्या पेनांत तो फुगा वाळून तडकतो आणि बदलावाच लागतो, येथे तसे बिघडण्यासारखे काही नाही. प्रथम निबेकडचा भाग वळवून वेगळा करावा आणि निब व तिच्या खालची जीभ बुडेल एवढ्याच गार पाण्यात तो उभा ठेवावा. पाणी निळे झाले की बदलावे, आणि ते स्वच्छ राहू लागेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. संपूर्ण पेन पाण्यात बुडवून ठेवू नये आणि गरम पाणी तर मुळीच वापरू नये. आपले पेन बहुधा एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे, असावे. उष्णतेने त्याचा आकार बिघडतो, तर ऊन आणि ओल यांमुळे त्याचा काळा रंग उतरून तो मातकट, हिरवट दिसू लागतो. स्पिरिट किंवा अन्य द्रावकही टाळावेत.

निबेच्या चिरेतून ब्लेड फिरवण्याची जुनी सवय अनेक घरांत होती, आणि माझ्या मते जेवढी पेने शाई वाळल्याने बिघडली त्यांहून अधिक त्या ब्लेडने बिघडली असतील. शाई निबेच्या टोकापर्यंत येते ती अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो म्हणून. जिभेवरच्या बारीक खाचेतून शाई पुढे येत असताना तेवढीच हवा आत शिरते, आणि या देवाणघेवाणीवर सगळे लेखन चालते. ब्लेडने चीर रुंदावली की टोकाशी शाई टिकत नाही, अक्षर मध्येच तुटते, आणि मग आपण पेन झटकू लागतो.

शाई भरण्यापूर्वी नळकांड्याच्या आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावावे, म्हणजे तेथून पाझर होणार नाही. पेनात एक तृतीयांश शाई उरली की ते पुन्हा भरावे, कारण टाकीत हवा अधिक झाली म्हणजे तळहाताच्या उष्णतेने ती प्रसरण पावते आणि निबेतून शाईचा ठिपका कागदावर टाकते. आपल्या लहानपणी मुलांच्या शर्टांच्या खिशांवर जे निळे डाग दिसत, त्यांतील बरेचसे या हवेचे कर्तृत्व होते.

निब झिजली असल्यास निराश होण्याचे कारण नाही. लेथवर कातलेली अशी एबोनाइटची पेने आंध्रातील राजमहेंद्री आणि तमिळनाडूतील तिरुवळ्ळूर येथे आजही घडवली जातात, आणि जुन्या पेनाला बसेल अशी निब पेनदुरुस्तीच्या दुकानात सहसा मिळते. राजमहेंद्रीचा एक धागा आपल्या वर्ध्याशीही जुळलेला आहे. तेथील के. व्ही. रत्नम यांनी घडवलेले स्वदेशी पेन गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचले, आणि १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र पाठवून, बाजारातील विदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असे त्यांना कळवले.

वड्या मात्र पेनात वापरू नयेत. त्या टाक आणि दौत यांच्यासाठी असत. दांडेकर बंधूंनी १९३१ साली ज्या उद्योगाची सुरुवात केली आणि जो पुढे कॅम्लिन म्हणून ओळखला गेला, त्याचा आरंभही घोडा छाप शाईची पूड आणि वड्या यांपासूनच झाला, पेनासाठीची कॅमल शाई त्यानंतर आली. वडी कितीही घोटली तरी तिचे न विरघळलेले कण जिभेच्या खाचेत अडकतात. घरात टाक असेल तर त्या शाईने अवश्य लिहून पाहावे.

प्रश्न : मला पहिले शाईचे पेन घ्यायचे आहे. जाड निबेने अक्षर सुंदर येते, असे मित्र म्हणतात. मराठी लिहिण्यासाठी कोणती निब घ्यावी? (महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर)

उत्तर : बारीक निब घ्यावी. आपल्या मित्रांनी पाहिलेले नमुने बहुधा रोमन लिपीतील असावेत, आणि निबांविषयीचा बहुतेक सल्ला त्या लिपीला धरूनच दिलेला असतो. देवनागरीत एका अक्षराच्या पोटात बरेच काही असते. ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘द्ध्य’ अशी जोडाक्षरे एकरेघी वहीत जाड निबेने लिहिली तर त्यांतील पोकळ्या शाईने भरतात आणि वर-खाली रफार, वेलांटी, उकार यांना जागा उरत नाही. जपानी बनावटीची ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) निब त्याच खुणेच्या जर्मन निबेपेक्षा सहसा बारीक असते, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. निब पोलादी असली तरी काही बिघडत नाही. सोन्याची निब थोडी मऊ भासते आणि आम्लधर्मी शाईने गंजत नाही, पण कागदाला टेकणारा कण दोहोंतही कठीण मिश्रधातूचाच असतो.

शिरोरेषा हा मराठी लिहिणाऱ्याचा खास प्रश्न आहे आणि परदेशी पुस्तिकांत त्याचे उत्तर सापडत नाही. आपण शब्द लिहून झाल्यावर वर रेघ ओढतो, त्या वेळी अक्षरांचे माथे ओलेच असतात, आणि निब त्यांच्यावरून जाताना शाई पुढे ओढत नेते. अधिक शाई सोडणाऱ्या पेनाने लिहिलेल्या शब्दाच्या माथ्यावर जो फराटा दिसतो तो यामुळे. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे कमी शाई सोडणारी बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई यांची जोडी. दुसरा उपाय जुना आहे आणि मला तो अधिक आवडतो. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे टांगीत जात. देवनागरीतही एखादे पान असे लिहून पाहावे. शब्दांमधील जागा सांभाळणे प्रथम जड जाते, परंतु अक्षरांची उंची एकसारखी येते आणि ओल्या शाईवरून निब फिरत नाही.

पेन कसे धरावे, हे एका वाक्यात सांगता येते. निबेची वरची बाजू आकाशाकडे असावी, पेन कागदाशी तिरपे असावे आणि दाब जवळपास शून्य असावा. बॉलपेनात घट्ट शाईतून गोळी फिरवायची असते म्हणून दाब लागतो, आणि ती सवय सुटण्यास काही दिवस द्यावे लागतील.

प्रश्न : चांगली महाग वही घेतली, तरी तिच्यावर शाई फुटते आणि पानामागे उमटते. दोष शाईचा की पेनाचा? (व्यापारी, सोलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा कागदाचा. कागद तयार होताना त्याला खळ किंवा तत्सम द्रव्य दिलेले असते, आणि त्यामुळे शाई पृष्ठभागावर थांबून सावकाश वाळते. ते द्रव्य कमी पडले की शाई तंतूंच्या वाटेने पसरते. कागदाच्या जाडीचा याच्याशी फारसा संबंध नाही. जपानचा तोमोए रिव्हर हा प्रसिद्ध कागद चौरस मीटरला अवघ्या ५२ ग्रॅम वजनाचा असूनही त्यावर शाई फुटत नाही, तर त्याच्या जवळपास दीडपट वजनाच्या झेरॉक्सच्या कागदांवर सर्रास फुटते. म्हणून वहीची किंमत आणि जाडी पाहण्याऐवजी दुकानदाराच्या परवानगीने शेवटच्या पानावर एक ओळ लिहावी आणि पान उलटून पाहावे. हातकागद देखणा असला तरी खडबडीत असल्यास त्याचे तंतू निबेच्या चिरेत अडकतात, तो टाकासाठी ठेवावा.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांचे इतिवृत्त मी शाईच्या पेनाने लिहितो. गेल्या पावसाळ्यात कपाटात ओल आली आणि काही पाने पुसट झाली. टिकाऊ शाई कोणती? (संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर : आपण रॉयल ब्लू वापरत असाल, असा माझा तर्क आहे. ती शाई मुळातच धुतली जावी अशा बेताने केलेली असते, शाळकरी मुलांच्या कपड्यांसाठी ते सोयीचे आहे, पण संस्थेच्या दप्तरासाठी नाही. पेनाची सामान्य शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो ओलाव्याने पसरतो आणि उन्हाने विटतो. दप्तरी कामासाठी दोन प्रकार विचारात घ्यावेत. पहिला लोहयुक्त निळी-काळी शाई. तिच्यातील लोह आणि टॅनिन यांचा हवेशी संयोग होऊन ती कागदाच्या तंतूंत काळी पडत जाते, त्यामुळे लिहिताना फिकट निळी दिसणारी ओळ काही काळाने गडद होते. ही शाई आम्लधर्मी असल्याने पेनात महिनोन्महिने भरून ठेवू नये. मात्र नावात ‘ब्लू-ब्लॅक’ असणारी प्रत्येक शाई लोहयुक्त नसते, बाटलीवरील मजकूर वाचून घ्यावा. दुसरा प्रकार रंगकणांच्या शाईचा. जुन्या पोथ्यांतील काजळाची शाई शतकानुशतके काळीभोर राहिली ती कार्बन विटत नाही म्हणून, आणि आता काही जपानी कंपन्या कार्बनचे कण अत्यंत बारीक करून पेनात चालेल अशी शाई बनवतात. ती पेनात वाळू दिली तर साफ करणे फार कठीण जाते, म्हणून सभा महिन्यातून एकदाच होत असेल तर लिहून झाल्यावर पेन धुऊन ठेवावे.

चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक केवळ टिकाऊ म्हणून पेनात भरू नये. तिच्यात सहसा लाखेचा अंश असतो आणि तो वाळला की जीभ कायमची बंद होऊ शकते. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करणेही टाळावे, त्यांच्या मिश्रणातून साका बसण्याचा धोका असतो.

प्रश्न : हौसेने चार पेने आणि रंगीत शायांच्या बाटल्या घेतल्या. दिवसभर काम संगणकावर असते. पेने वाळून जातात. रोज लिहावे तरी काय? (संगणक अभियंता, पुणे)

उत्तर : तीन पेने धुऊन, कोरडी करून पेटीत ठेवावीत आणि एकच भरावे. पेन वाळते ते वापराविना, आणि चार पेने भरलेली ठेवून त्यांतील प्रत्येक रोज चालवणे नोकरी करणाऱ्या माणसाला जमत नाही. नवे पेन घेण्याचा आनंद आणि पेनाने लिहिण्याचा आनंद हे दोन वेगळे छंद आहेत. पहिल्यास माझा विरोध नाही, पण आपली तक्रार दुसऱ्याविषयी आहे.

काय लिहावे याचे उत्तर थोर साहित्यात शोधू नये. वाण्याची यादी, दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सकाळच्या बैठकीतील मुद्दे, घरातल्या माणसासाठी फ्रिजवर लावायची चिठ्ठी, एवढे लिहायला लागलात तरी एक भरलेले पेन आठवडाभर सुखाने चालेल. बैठकीतील टिपणे हाताने घेण्याचा एक व्यावहारिक लाभही सांगितला जातो. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी बोलणे जसेच्या तसे उतरवीत, तर हाताने लिहिणाऱ्यांना निवड करावी लागे आणि संकल्पनांविषयीच्या प्रश्नांत ते सरस ठरले, असे दिसले. पुढे इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा फरक एवढा ठळक आला नाही, म्हणून स्मरणशक्ती वाढेल या आशेने पेन हाती घेऊ नये. लिहिताना बरे वाटते, हे कारण पुरेसे आहे.

आपल्या रंगीत शायांचाही उपयोग करता येईल. वाचलेल्या लेखाचे टिपण एका रंगात आणि त्यावरील आपले मत दुसऱ्या रंगात लिहिले, तर वर्षभराने वही चाळताना दोहोंची गल्लत होत नाही. पेटीतली पेने वर्षातून एकदा बाहेर काढण्यास खंडेनवमी योग्य. पूजेत ठेवायची म्हणून ती धुतली जातात, आणि दसऱ्याला त्यांतले एक भरून जुने पेन विश्रांतीला पाठवता येते.

प्रश्न : माझी मुलगी डावखुरी आहे. तिने शाईचे पेन वापरले तर सगळे पान बरबटते. (गृहिणी, जळगाव)

उत्तर : तिचा हात लिहिलेल्या ओळीवरून सरकत असणार. वही उजवीकडे झुकेल अशी तिरपी ठेवावी आणि मनगट ओळीच्या खाली राहील असे पाहावे. अतिबारीक निब आणि पानावर टीपकागद ठेवण्याची सवय यांनी उरलेला प्रश्न बराचसा सुटेल. शिरोरेषा मात्र ओळ पूर्ण झाल्यावर ओढू नये, प्रत्येक अक्षराबरोबर ओढावी. पेनासाठी तिचा हात बदलण्याचा प्रयत्न कोणी करत असेल, तर तो कृपया थांबवावा.

प्रश्न : विमानप्रवासात पेन गळते असे ऐकले आहे. भारतात येताना पेन सोबत आणावे की नाही? (नोकरदार, दुबई)

उत्तर : अवश्य आणावे. विमान वर चढताना केबिनमधील हवेचा दाब कमी होतो आणि पेनातील हवा प्रसरण पावते. तिला शाई ढकलायला मिळू नये म्हणून पेन एकतर काठोकाठ भरावे किंवा पूर्ण रिकामे करावे, अर्धवट भरलेले नेऊ नये. विमान वर चढताना आणि खाली उतरताना निब वरच्या दिशेला राहील असे पेन खिशात उभे ठेवावे आणि तेवढा वेळ टोपण काढू नये. शाईची बाटली मात्र प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून मोठ्या सामानात, कपड्यांपासून दूर ठेवावी.