खाडीतल्या कांदळाला लटकणाऱ्या लांब हिरव्या शेंगा म्हणजे बिया का? त्या चिखलात रुजतात कशा?

शेंग दिसते, पण शेंग नव्हे. ते रोपच आहे. कांदळ ही एक खारफुटी, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं झाड. त्याचं बी फळात असतानाच, झाडावरच रुजतं आणि त्याचा कोंब फळ फोडून खाली वाढत राहतो. हा दांडा हातभर लांब होऊ शकतो. वरचं तपकिरी फळ टोपीसारखं काढून पाहिलंत, तर आत पानांचा मिटलेला कोंब दिसेल. खाऱ्या, श्वास कोंडणाऱ्या चिखलात नाजूक बी रुजणं कठीण, म्हणून ही बाळंतपणाची सोय झाडावरच.

पिकला की दांडा गळतो. ओहोटी असेल तर कधी सरळ खालच्या चिखलात रुततो. पुस्तकांत हेच चित्र आवडीने काढतात. पण बरेच दांडे भरतीबरोबर वाहून जातात. आधी आडवे तरंगतात, मग मुळाकडचं टोक जड होऊन उभे होतात आणि उथळ पाण्यात तळाला टेकले की मुळं धरतात. काही आठवडे, कधी महिनेही ते जिवंत राहतात, त्यामुळे एका खाडीतलं रोप दुसरीकडेही लागू शकतं.

सगळ्याच खारफुटींचं असं नसतं. मुंबई-ठाण्याकडे जास्त दिसणाऱ्या तिवराचं बीही झाडावरच रुजतं, पण कोंब सालीच्या आतच राहतो. पावसाळ्यात फळं पडतात, पाण्यात साल सुटते आणि दुमडलेली जाड दलं, म्हणजे बीतली पहिली पानं, उघडतात. पांढरी चिप्पी, म्हणजे महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष, मात्र साध्या बियाच टाकते.