थँक्सगिव्हिंगचं ताट आणि पहाटेची ड्युटी

प्रश्न : मी मूळची सांगलीची. सध्या मुलाकडे, न्यू जर्सीत एडिसनला आहे. गुरुवारी इथे थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला आभाराचा सण झाला. आम्ही शाकाहारी, त्यामुळे या सणाला भाजतात तो टर्की पक्षी नव्हता. सुनेनं पंपकिन पाय (लाल भोपळ्याचं गोड) केला, मी ताज्या क्रॅनबेरीचं मोहरी-मेथी घालून लोणचं केलं. जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं. मला भरून आलं. आणि हात वाळायच्या आत सगळे फोन काढून बसले: कुठे किती टक्के सूट, कुठला टीव्ही. नात 19 वर्षांची, कॉलेज सांभाळून मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करते. ती गोड न खाताच झोपायला गेली, कारण ब्लॅक फ्रायडेची, म्हणजे सणानंतरच्या शुक्रवारच्या मोठ्या सेलची तिची ड्युटी पहाटे पाचला होती. दुपारी परतली ती स्टाफ डिस्काउंटमध्ये माझ्यासाठी स्वेटर घेऊन. माझ्याकडे आधीच तीन आहेत. त्यात सांगलीहून पुतण्याचा मेसेज : ‘काकू, येताना सेलमधला आयफोन आणा, पैसे देतो.’ भाच्यानं बूट सांगितलेत, जावेनं व्हिटॅमिनच्या गोळ्या. हा सण आभाराचा की अमेरिकेच्या हावरटपणाचा? मुलाला बोलू का? तो म्हणतो, ‘आई, इथे असंच असतं.’
— एक आजी, एडिसन

उत्तर : ताई, मुलाला जरूर बोला. पण टीव्हीच्या खरेदीवरून बोलू नका. जुना चालत असताना नवा घेणं मला तरी पटत नाही, पण पैसे त्याचे आहेत आणि नात 19 ची म्हणजे तोही पन्नाशीला टेकला असेल. बोलायचं ते नातीच्या पहाटेबद्दल.

‘इथे असंच असतं’ हे त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. हा दिवस देशभराचा सण झाला 1863 साली, तिकडचं यादवी युद्ध ऐन भरात असताना. राष्ट्राध्यक्ष लिंकननं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्यामागे सेरा जोसेफा हेल ही एका मासिकाची संपादिका होती. वर्षानुवर्षं पत्रं लिहून तिनं हा दिवस राज्यकर्त्यांकडून मागून घेतला. (मासिकातल्या बायका चिवट असतात, याची आमच्या संपादकांनी नोंद घ्यावी.) पुढे 1939 मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा 30 तारखेला. दुकानदार धास्तावले. थँक्सगिव्हिंग होईपर्यंत ख्रिसमसची खरेदी जोर धरत नसे आणि आता मधे दिवसच उरत नव्हते. त्यांच्या आग्रहावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सण आठवडाभर अलीकडे, 23 तारखेवर आणला. काही राज्यांनी मानलं, काहींनी जुनीच तारीख धरली, टेक्साससारख्यांनी दोन्ही पाळल्या. शेवटी 1941 मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. तेव्हा या ताटाला गल्ल्याचा वास लागून ऐंशीच्या वर वर्षं झाली. तो तुमच्या मुला-सुनेनं लावलेला नाही.

उरलेलं अर्धं, म्हणजे हे बदलतच नाही, ते मात्र खरं नाही. 2008 साली लाँग आयलंडवर ब्लॅक फ्रायडेच्या पहाटे एका मोठ्या दुकानाची दारं तोडून गर्दी आत घुसली आणि तिच्या पायाखाली तिथलाच एक हंगामी कामगार मेला. इतकं होऊनही पुढच्या काही वर्षांत दुकानं आणखी लवकर उघडू लागली; शुक्रवारच्या पहाटेवरून सरकत थेट गुरुवारच्या संध्याकाळवर आली. लोकांची जेवणं उरकायच्या आत! मग 2020 च्या साथीत बऱ्याच मोठ्या साखळी दुकानांनी गुरुवारी दारं लावली आणि नंतरही लावलेलीच ठेवली. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत तर बहुतेक मोठ्या दुकानांना त्या गुरुवारी कायद्यानंच बंदी आहे. लांब कशाला, तुमच्या न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत दर रविवारी कपडे आणि फर्निचर विकता येत नाही, आणि तिथलं पॅरामस हे गाव मॉलसाठीच ओळखलं जातं. लोकांचं काही अडत नाही. मुलाला एखाद्या रविवारी तिकडे फिरवून आणायला सांगा.

मी हे ठासून सांगते, कारण माझं निम्मं आयुष्य दादरच्या एका कापडदुकानाच्या गल्ल्यावर गेलं. दिवाळीआधीच्या रविवारी आमच्या सेल्समनचे डबे संध्याकाळी उघडायचे. भाजी आंबलेली असायची, तरी खायचे. लक्ष्मीपूजनाला शेट सहकुटुंब यायचे, चोपड्यांची पूजा व्हायची, लाह्या-बत्तासे वाटले जायचे. आम्ही हात जोडून उभे. विरार, कल्याण गाठेपर्यंत घरचा मुहूर्त टळलेला आणि पोरं फटाके उडवून झोपलेली. शेट वाईट नव्हते. बोनस वेळेवर द्यायचे, आणि त्यांनाही दुकान बंद करून घरी जायचंच असायचं. पण गिऱ्हाईक उठायचं नाही. ‘यातच जरा फिका रंग दाखवा ना’ म्हणणाऱ्या बाईच्या घरचं पूजन कधीच आटोपलेलं असायचं, हे तिच्या कपाळावरच्या ताज्या कुंकवावरून कळायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि पोळ्याला त्याला जुंपत नाहीत. पुरणपोळी भरवायची ती जू उतरवल्यावर. तुमच्या टेबलावर आभाराचे शब्द झाले ते मी खोटे म्हणणार नाही, पण त्याच टेबलावरच्या एका पोरीला गोड न खाताच झोपायला जावं लागलं आणि बाकीचे सूट शोधत बसले. मुलाला हे सांगा. पहाटे रांगेत उभं राहिलं की काउंटरमागे कुणाची तरी मुलगी उभी असते; ऑनलाइन मागवलं तरी गोदामात रात्रपाळी होतेच. हवंच असेल तर घे म्हणावं, फक्त आठवड्यानं घे. चार पैसे जास्त पडतील.

नातीची नोकरी मात्र सोडवू नका. स्वतः कमावते आहे, छान आहे. पुढच्या वर्षी जेवणच शनिवारी ठेवा. रूझवेल्टना दुकानदारांसाठी आठवडा हलवता आला, तुम्हाला एका पोरीसाठी दोन दिवस हलवता येतील. पंपकिन पाय तिला कापू द्या. आणि स्वेटर चौथा असला तरी तो घालून तिच्यासमोर बसा. पहाटे पाचला उभं राहून मिळवलेल्या पैशांचा आहे, त्याला ‘कशाला आणलास’ म्हणू नका.

आता सांगलीची यादी. इथे मी जरा रागावणार आहे. हावरटपणा अमेरिकेचा म्हणून लिहिलंत आणि खाली यादी दिलीत ती आपल्याच माणसांची! आमच्याकडे पुण्यातही आता नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेचे फलक लागतात. गुरुवार कुणाच्या गावीही नसतो, शुक्रवार तेवढा आला. शिवाय दिवाळी संपून महिना होत नाही, पाडव्याला घेतलेल्या वस्तूंचे खोके अजून माळ्यावर असतात.

गोळ्या आणा, जावेला लागत असतील. बुटांना आणि आयफोनला नाही म्हणा. कस्टम्सचं, वॉरंटीचं कारण पुढे करू नका, नाहीतर पुतण्या त्यावरचा तोडगा रात्रीत शोधून पाठवेल. ‘मला आणायचा नाही’ एवढंच लिहा. तो रुसेल, भाचा त्याच्या बाजूनं बोलेल आणि पुढच्या लग्नात दोघं मिळून तुमची थट्टा करतील. करू द्या.