मे महिन्यात जाऊ नकोस

अरे, तुझा मेसेज वाचला. मालवणच्या बालमित्राला सतरा वर्षांनी लिहायला बसलास, चार वेळा लिहिलं आणि चार वेळा डिलीट केलं म्हणतोस, म्हणजे भेटायचं तर तुझं ठरलेलंच आहे, गाडी अडलीय ती पहिल्या वाक्यावर.

तर आधी तेच. "ओळखलंस का?" असं अजिबात लिहू नकोस. ती परीक्षा होते रे, आणि समोरच्याला आठवलं नाही तर बिचारा उगाच ओशाळतो. सरळ लिही की मी अमक्या साहेबांचा मुलगा, तुमच्या मांगरामागे, म्हणजे त्या शेतघरामागे, भाड्याने राहायचो, चौथीत असताना आपण दोघांनी काजूच्या बिया ढापून विकल्या आणि पेप्सीकोला खाल्ला. आणि खाली एवढंच की जुलैत मालवणला येतोय, असशील ना. बस. सतरा वर्षांचा हिशोब मेसेजमध्ये द्यायचा नसतो.

जुलैच का ते सांगतो, कारण इथे सगळे चुकतात, मी तर चांगलाच चुकलो होतो. तो किल्ल्याची होडी चालवतो ना, मग मे महिन्यात जेटीवर रांग लागलेली असते, सिंधुदुर्गाच्या फेऱ्यांवर फेऱ्या, त्याला पाणी प्यायला फुरसत नाही आणि तू तिथे डोळे भरून उभा. गणपतीत जावं तर घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि गाडीचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं आणि बघता बघता फुल. शिवाय गावात राहणाऱ्या माणसाने मे आणि गणपतीत प्रत्येक चाकरमान्याकडून "किती बदललं रे गाव" हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तू एकविसावा असतोस. पावसात होडी बंद, समुद्र बंद, माणूस घरी.

माझं सांगतो. मी 1983 ला मुंबईला आलो, आणि मग वर्षानुवर्षं आपलं एकच कारण, एसटीत रात्रभर हाडं खिळखिळी होतात, रजा नाही, जाणार कसं. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ते कारणही गेलं. मग गेलो त्याच मे महिन्यात, मिठाईचा मोठा बॉक्स घेऊन, आणि दोस्ताला भेटल्या भेटल्या काय बोललो माहितीय? "अजून इथेच आहेस?" मला म्हणायचं होतं की बरं झालं बाबा सापडलास. त्याने ऐकलं ते वेगळंच. चहा दिला, हसला, आणि "जाळ्याचा काम हा" म्हणून उठून गेला. बॉक्स तसाच पडवीत.

पुढच्या जुलैत परत गेलो, यावेळी हात हलवत. तो खळ्यालगतच्या पडवीत जाळं शिवत बसलेला, बाहेर धो धो पाऊस. मी जाळ्याचं दुसरं टोक धरून बसलो, तासभर कोणी काही बोललं नाही, मधे वहिनीने कुळथाची पिठी आणि भात वाढला तेवढंच. मग एकदम खाली मान घालून म्हणाला, "तुका पत्र धाडललंय, उत्तर इला नाय."

खरं होतं. त्याचा बाप गेला तेव्हा त्याने इनलँड पाठवलं होतं आणि मी उद्या लिहू उद्या लिहू करत राहिलो, मग इतका उशीर झाला की लिहायची लाज वाटायला लागली. माझ्या ओठांवर चाळ, नोकरी, शिफ्ट सगळं आलं होतं पण नशिबाने गिळलं. म्हटलं, "हो, नाही दिलं." त्यावर तो काय म्हणाला, "ह्यां टोक नीट धर." झालं. त्यानंतर दर जुलैत जातोय.

तुझ्याकडूनही असं काहीतरी राहिलं असेल. चौथीतल्या पोराकडून काय राहणार म्हणशील, पण निघताना सांगून आला होतास का? विचार कर. त्याने काढलं तर कारणं देऊ नकोस.

बाकी बारीकसारीक. राहायचं बुकिंग दुसरीकडे कर, त्याचं होमस्टे असलं तरी, नाहीतर पैसे घ्यायचे की नाही या पेचात त्याचे दोन दिवस जातील. आईवडिलांचं आधी दुसऱ्या कोणाकडून विचारून घे, दारात उभं राहून "काका कुठेत?" विचारायची वेळ नको. त्याची म्हातारी असेल तर तीच तुला पहिली ओळखेल, आणि "इतकी वर्सा खय होतंस रे मेल्या" म्हणून झापेल, झापून घे. रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल असतं, गाड्या हळू चालतात, त्यामुळे त्याच दिवशी भेटायचं कबूल करू नकोस. आणि फोटो पहिल्या दिवशी काढू नकोस.

तिकीट लवकर बघ मात्र. नारळीपौर्णिमा झाली की नारळ सोडतात, होड्या पुन्हा पाण्यात उतरवायची तयारी सुरू होते, मग तो काही तुझ्या हाताला लागत नाही.

तुझा,
काका